ओएलटी एकाची, ओएनटी दुसऱ्याचा: एका फायबर कंपनीची पुरवठादाराच्या कुलपातून सुटका

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या फायबर ब्रॉडबँड कंपनीचं आहे. तिच्या नेटवर्क नियोजनाच्या गटात मी होतो. कंपनीचं आणि तिला माल देणाऱ्यांचं नाव मुद्दाम गाळलं आहे. जिथे खरी नावं आली आहेत, ती बाजारातल्या सर्वज्ञात घडामोडींची आहेत, आमच्या प्रकरणातल्या पुरवठादारांची नाहीत.

आमचं जाळं जीपॉनवर उभं होतं, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या ‘पॉन’ पद्धतीच्या गिगाबिट प्रकारावर. केंद्रात ओएलटी नावाची मोठी पेटी, तिच्या एका पोर्टमधून निघालेली एकच फायबर, वाटेत स्प्लिटर आणि शेवटी 64 घरांत 64 ओएनटी, म्हणजे फायबरला घरातल्या उपकरणांशी जोडणारे छोटे डबे. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो प्रकाश फक्त वाटून देतो. जीपॉनचं मानक आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने 2003 पासून जी.984 या मालिकेत प्रसिद्ध केलं. त्यात एका पोर्टवर घरांकडे जाणारा वेग सेकंदाला 2.488 गिगाबिट आणि परतीचा 1.244 गिगाबिट. हा वेग त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांत मिळून आहे.

ओएलटी, ओएनटी आणि त्यांचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर हे सगळं एकाच पुरवठादाराचं होतं. सुरुवातीला हा निर्णय योग्यच होता, असं मी आजही म्हणतो. माणसं कमी होती आणि घरं भराभर जोडायची होती. काही अडलं की फोन एकालाच करायचा, चूक तुझी की माझी हा वाद निघायचाच नाही. छोट्या कंपनीला त्या काळात ही सोय लाखमोलाची होती.

मग त्या पुरवठादाराला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. काही महिन्यांनी पत्र आलं: आपण वापरत असलेल्या ओएलटीची विक्री बंद होत आहे, शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत द्यावी, सुटे भाग आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) पुढची काही वर्षं मिळतील.

या धंद्यात असं पत्र येणं नवलाचं नाही. अल्काटेल आणि ल्युसंट 2006 मध्ये एकत्र आल्या, आणि ती जोड कंपनी 2016 मध्ये नोकियात गेली. एकेकाळी या क्षेत्रातलं अव्वल नाव असलेल्या नॉर्टेलने जानेवारी 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे तुकडे एरिक्सन, सिएना वगैरेंनी घेतले, आणि उरलेली पेटंटं 2011 मध्ये साडेचार अब्ज डॉलरला गेली. ॲडट्रान आणि ॲडवा या कंपन्या 2022 मध्ये एकत्र आल्या. 2025 मध्ये इन्फिनेरा नोकियाकडे आणि जुनिपर एचपीईकडे गेली. मोबाइल टॉवरच्या उपकरणांत तर हुआवे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग या पाच नावांनी जवळपास सगळी बाजारपेठ व्यापली आहे. त्यात सरकारी बंदीचीही भर पडते: ब्रिटनने जुलै 2020 मध्ये आपल्या 5जी जाळ्यातून हुआवेची उपकरणं 2027 अखेरपर्यंत काढायला सांगितलं. उपकरण घेताना ते बनवणाऱ्याचं भवितव्यही आपण विकत घेत असतो. आम्ही मात्र ते कधी तपासलंच नव्हतं.

अडचण

पत्र आलं तेव्हा आणखी एक गोष्ट डोकं वर काढत होती. संध्याकाळी काही पोर्ट तुंबायला लागले होते. 2.488 गिगाबिट 64 घरांत वाटले तर एका घराच्या वाट्याला 39 मेगाबिटच्या आसपास येतात. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून हे चालून जातं. पण व्हिडिओ वाढले तसं ते चालेनासं झालं. पुढची पायरी उघड होती: एक्सजीएस-पॉन, म्हणजे 2016 चं जी.9807.1 मानक. त्यात दोन्ही दिशांना जवळपास 10 गिगाबिट, आणि चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगचा हिस्सा वजा केला की हाती साडेआठच्या आसपास.

तंत्राच्या बाजूने ही बढती सोपी वाटते. जीपॉन 1490 आणि 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालतं, एक्सजीएस-पॉन 1577 आणि 1270 वर. त्यामुळे दोन्ही एकाच फायबरवर एकत्र नांदतात आणि जुनी घरं तशीच ठेवून नवी जोडता येतात. पण आमची ओएलटी फक्त तिच्याच ब्रँडचे ओएनटी स्वीकारायची.

हे कुलूप कुठे असतं, ते सांगायला हवं. प्रत्येक ओएनटीच्या अनुक्रमांकाची पहिली चार अक्षरं उत्पादकाची खूण असतात. ओएनटी फायबरवर आला की आधी हा क्रमांक सांगतो. ओएलटीचं सॉफ्टवेअर ती चार अक्षरं वाचून दार उघडायचं की नाही ते ठरवू शकतं. म्हणजे ग्राहकांच्या घरात बसलेले हजारो ओएनटी नव्या कोणाच्या ओएलटीवर चालतील याची खात्री नव्हती, आणि दुसऱ्या कोणाचा स्वस्त ओएनटी आणला तर तो आमच्या ओएलटीवर चालणार नव्हता. आमचा सगळ्यात मोठा खर्च एक्स्चेंजमधल्या रॅकपेक्षा घराघरांतल्या या छोट्या डब्यांत अडकला होता. डबा बदलायचा तर फील्डच्या माणसाला घरी जावं लागतं, ग्राहकाची वेळ घ्यावी लागते, आणि निम्म्या वेळा दार बंद सापडतं.

पर्याय

चार रस्ते समोर होते.

पहिला, जुन्या पुरवठादाराच्या नव्या मालकाचं म्हणणं मान्य करायचं. त्याने नव्या ओएलटीवर मोठी सवलत देऊ केली होती. प्रस्ताव नीट वाचल्यावर दिसलं की सवलत ओएलटीवर आहे आणि वसुली ओएनटीवर. शिवाय प्रत्येक जोडणीमागे लायसन्स होतं. ओएलटी एकदाच घ्यायची असते, ओएनटी मात्र दर महिन्याला लागतात.

दुसरा, एखाद्या बड्या कंपनीकडे सगळंच सोपवायचं. माल चांगला, आधार भक्कम. पण सगळ्या घरांतले डबे बदलावे लागले असते, आणि एका कुलपातून निघून आम्ही दुसऱ्यात अडकलो असतो.

तिसरा, ओएलटी एकाकडून आणि ओएनटी दुसऱ्या-तिसऱ्याकडून घ्यायचे, आणि त्यांना एकमेकांशी जुळवण्याची जबाबदारी आपण उचलायची. संचालकांना हा रस्ता कागदावर सगळ्यात स्वस्त दिसला. आम्हा अभियंत्यांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

चौथ्याकडे कोणी गंभीरपणे बघत नव्हतं: सध्या काहीच नवं घ्यायचं नाही, तुंबलेल्या पोर्टवरची घरं दोन पोर्टांत विभागायची. 64 ची 32 झाली की प्रत्येकाचा वाटा दुप्पट होतो. आमच्याकडे मोकळे पोर्ट होते आणि बऱ्याच ठिकाणी केबलमध्ये मोकळे धागेही होते.

निर्णयाची पहिली जागा: वेळ विकत घ्यायचा का

बैठकीत सगळा जोर पहिल्या तीन पर्यायांवर होता, कारण शेवटच्या ऑर्डरची तारीख डोक्यावर होती. विक्रेत्याची घाई ती आपलीच घाई, असं वाटायला लागलं होतं. फील्डच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सरळ विचारलं, “आज रात्री रडतायत किती पोर्ट? सगळेच?” आम्ही मोजलं. तुंबणारे पोर्ट एकूण पोर्टांच्या दहाव्या हिश्शाहून कमी निघाले.

तिथून विचाराची दिशा बदलली. तेवढे पोर्ट विभागायचे, जुन्या ओएलटीचे सुटे भाग आणि थोडे ओएनटी शेवटच्या ऑर्डरमध्ये भरून ठेवायचे, आणि मिळालेल्या वर्षभरात तिसरा पर्याय खरंच जमतो का ते तपासायचं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच, आणि त्याला खर्च सगळ्यात कमी आला.

निर्णयाची दुसरी जागा: खोटी ओळख

काही ओएनटींमध्ये ती चार अक्षरं सेटिंगमधून बदलता येतात. कोणीतरी सुचवलं की परक्या ओएनटीला जुन्या ब्रँडची अक्षरं देऊन ओएलटीला फसवावं. टेबलावर करून पाहिलं, आणि इंटरनेट चाललं. हे दोन दिवस फार मोहात टाकणारे होते.

आम्ही ते नाकारलं. कारण ओएलटी त्या डब्याला आपला समजून आपल्या खास पद्धतीने हुकूम देणार, आणि एखाद्या फर्मवेअर बदलानंतर ते हुकूम त्याला कळले नाहीत तर एकाच रात्रीत हजारो घरं बंद पडू शकतात. त्या वेळी मदत मागायला आम्हाला तोंड उरलं नसतं, कारण करार आम्हीच मोडलेला असता.

केलेली कृती

नवी ओएलटी निवडताना निविदेत तीन अटी घातल्या: उत्पादकाच्या अक्षरांवरून ओएनटी नाकारायचा नाही, लायसन्स ओएनटीच्या ब्रँडवर अवलंबून ठेवायचं नाही, आणि ओएनटीला दिले जाणारे सगळे व्यवस्थापन-हुकूम लेखी द्यायचे. तिसऱ्या अटीवर दोन विक्रेते गळाले. उरलेल्यांपैकी एकाची ओएलटी घेतली. तिच्या पोर्टमध्ये जीपॉन आणि एक्सजीएस-पॉन एकाच मॉड्यूलमध्ये (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सुट्या भागात) होतं. ओएनटी दोन वेगळ्या उत्पादकांचे घेतले.

चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही ब्रँडचे डबे उघडून पाहिले, तर आत मुख्य चिप एकाच कंपनीची. बाहेरून दोन स्पर्धक, आतून एकच मेंदू. या बाजारात पेटीवरची नावं पुष्कळ आहेत, पण पॉनच्या चिप बनवणारे ब्रॉडकॉम, रिअलटेक, मॅक्सलिनिअर असे मोजकेच. 2021-22 च्या चिप टंचाईत सगळ्या ब्रँडचा माल एकदमच का लांबला, हे त्या दिवशी मला नीट उमगलं. आम्ही दुसऱ्या ओएनटीची निवड रद्द केली आणि वेगळ्या चिपचा शोधला.

खरी लढाई झाली ती ओएमसीआयशी. ओएलटी ओएनटीला ज्या भाषेत हुकूम देते ती ही भाषा. आधी ती जी.984.4 मध्ये होती, 2010 पासून जी.988 मध्ये आहे. मानक सगळ्यांना एकच, पण त्यात मोकळ्या जागा आहेत, आणि प्रत्येक उत्पादकाने त्या आपापल्या समजुतीने भरल्या आहेत. भाषा तीच, बोली मात्र दर कोसाला बदलावी तशी.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. परका ओएनटी जोडला, पॉनचा दिवा स्थिर हिरवा झाला, इंटरनेटचा वेग पूर्ण मिळाला. सेट-टॉप बॉक्स लावला, चॅनल लागलं. आम्ही खुशीत चहाला गेलो. परत आलो तर चाचणी करणारी सहकारी म्हणाली, “चित्र थांबलंय, पण दिवा हिरवाच आहे.” चॅनल बदललं की पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद. तिने घड्याळ लावून चार-पाच वेळा मोजलं. दर वेळी 4 मिनिटं 20 सेकंद.

तो आकडाच धागा ठरला. 4 मिनिटं 20 सेकंद म्हणजे 260 सेकंद. टीव्हीचे चॅनल मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह बघणाऱ्या सगळ्यांना वाटून, येतात, आणि ‘अजून कोणी बघतंय का’ असा प्रश्न नेटवर्क दर 125 सेकंदांनी विचारतं. दोन वेळा विचारूनही उत्तर आलं नाही आणि वरचे 10 सेकंद संपले की चॅनल तोडलं जातं. 125 दुणे 250, अधिक 10. म्हणजे प्रश्न सेट-टॉप बॉक्सपर्यंत पोहोचतच नव्हता. ओएलटीने ओएनटीला परवानगीच्या मल्टिकास्ट पत्त्यांची यादी दिली होती आणि तीत फक्त चॅनलचे पत्ते होते. प्रश्न येतो तो 224.0.0.1 या पत्त्यावर, आणि तो यादीत नव्हता. ओएलटीच्या स्वतःच्या ब्रँडचा ओएनटी हा पत्ता यादीत नसला तरी सोडायचा, परका ओएनटी यादीबाहेरचं सगळं अडवायचा. मानक वाचलं तर दोघांनाही दोष देता येत नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ कोणी बदलायची, यावर मात्र तीन आठवडे गेले. ओएलटीवाला म्हणे ओएनटीने पत्ता सोडावा, ओएनटीवाला म्हणे ओएलटीने यादीत घालावा. पूर्वी एका फोनवर काम भागायचं, त्याची किंमत इथे कळली. शेवटी आमच्याकडचा लेखी हुकूमनामा पुढे ठेवला आणि ओएलटीवाल्याने यादी दुरुस्त केली. निविदेतली तिसरी अट घालताना कटकटीची वाटली होती, तिने इथे काम केलं.

दुसरी अडचण साध्या भौतिकशास्त्राची होती, आणि ती आधी लक्षात न येणं ही आमचीच चूक. जीपॉनचे आमचे पोर्ट सी प्लस वर्गाचे होते, म्हणजे वाटेत 32 डेसिबलपर्यंत प्रकाश गळाला तरी चालायचं. एक्सजीएस-पॉनसाठी घेतलेल्या मॉड्यूलचा वर्ग एन-1 होता, मर्यादा 29. सर्वात लांबच्या वाटेचा हिशेब असा: 64 च्या स्प्लिटरला साडेवीस डेसिबल, 18 किलोमीटर फायबरला 1270 नॅनोमीटरवर किलोमीटरमागे 0.4 प्रमाणे 7.2, कनेक्टर आणि सांध्यांना मिळून 2. बेरीज 29.7. जुन्या व्यवस्थेत ही वाट आरामात बसत होती, नवीन व्यवस्थेत बसत नव्हती. त्या वाटांसाठी एन-2 वर्गाची मॉड्यूल मागवावी लागली. त्यांची मर्यादा 31, म्हणजे हातात जेमतेम 1.3 डेसिबल उरले. एक धुळकट कनेक्टर एवढं सहज खातो. ज्या शाखांवर आधी 64 ची 32 घरं केली होती, तिथे मात्र प्रश्नच आला नाही, कारण 32 च्या स्प्लिटरला साधारण तीन डेसिबल कमी लागतात. चौथ्या पर्यायाचा हा फायदा कोणी आधी धरला नव्हता.

निष्पत्ती

वर्षभराच्या चाचणीनंतर नवी ओएलटी टप्प्याटप्प्याने बसली. दुसऱ्या उत्पादकाचा ओएनटी दाराशी आला तेव्हा पहिल्याने न मागता दर खाली आणला. नव्या ओएलटीच्या जीपॉन बाजूवर आमचे बरेचसे जुने ओएनटीही चालू शकले. त्यांची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागली, पण हजारो घरांचे दरवाजे ठोठावणं टळलं.

एक घाव मात्र बसला. वीज गेली आणि परत आली, तेव्हा एका घरातला परका ओएनटी नीट उठला नाही. त्याचा लेझर सतत चालू राहिला. पॉनमध्ये प्रत्येक ओएनटीने आपल्याला दिलेल्या क्षणीच बोलायचं असतं. एक जण सारखा बोलत राहिला की बाकीच्या सगळ्यांचा आवाज बुडतो. त्या पोर्टवरची सगळी घरं तासन्‌तास बंद होती. ओएलटीत असा डबा शोधून बंद करण्याची सोय होती, पण आम्ही ती तपासली होती फक्त ओएलटीच्याच ब्रँडच्या ओएनटीवर. परक्यावर ती चालली नाही. शेवटी फील्डच्या माणसाने स्प्लिटरपाशी उभं राहून एकेक पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी फायबर) काढून तो शोधला. त्या घरांत घरून काम करणारी माणसं होती, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं होती. त्यांचा दिवस आमच्या एका न केलेल्या चाचणीमुळे गेला, आणि ते मला अजून बोचतं.

एक खर्च हिशेबात धरलेला नव्हता. ओएलटीचं प्रत्येक नवं फर्मवेअर आता सगळ्या ओएनटींवर आधी लॅबमध्ये चालवावं लागतं. त्यासाठी दोन अभियंते कायम अडकले आहेत. ओएनटीच्या दरात जे वाचलं, त्यातून त्यांचा पगार निघतो आणि वर उरतंही. याहून लहान कंपनीत तो हिशेब कदाचित उलटा पडेल. दोन माणसं देण्याची ऐपत नसेल, तर एकाच पुरवठादाराकडे राहून करार कडक करणं जास्त शहाणपणाचं, असं मी अशा कंपनीला आज सांगेन.

आज काय वेगळं केलं असतं

ओएनटीच्या कुलपाविषयीच्या अटी पहिल्या खरेदीतच घातल्या असत्या. तेव्हा पुरवठादाराला आमची गरज होती आणि कागदावर काहीही लिहून घेता आलं असतं. विक्री बंदचं पत्र आल्यावर पारडं त्याच्या बाजूला झुकलं.

प्रकाशाच्या गळतीचा हिशेब मॉड्यूल मागवण्याआधी केला असता, आणि तो नकाशावरून न करता पॉवर मीटर घेऊन, सर्वात लांबच्या घरापासून सुरू केला असता.

चाचणीचा क्रमही उलटा लावला असता. आम्ही आधी वेग मोजला, मग टीव्ही, मग फोन, आणि बिघाडाच्या चाचण्या शेवटी, वेळ उरला तर. वीज तोडणं, फायबर उपसणं, ओएनटी अर्धवट सुरू असताना बंद करणं या पहिल्या आठवड्याच्या गोष्टी होत्या. त्या उपद्रवी ओएनटीच्या रात्रीनंतर लॅबमध्ये टायमरवर चालणारा एक स्विच लावला आहे. तो चाचणीतल्या प्रत्येक ओएनटीची वीज रात्रभर तोडतो आणि जोडतो. सकाळी आल्यावर सहकारी आधी त्याचा लॉग उघडते, चहा नंतर.